चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा: टाकीतला फ्युएल पंप बदलण्याचे एक प्रकरण

गाडी वीस वर्षांहून जुनी. चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मल्टी-पॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), मागच्या सीटखाली लोखंडी पत्र्याची टाकी आणि टाकीतच बुडालेला विजेचा पंप. पंपातून निघालेले पेट्रोल गाडीखालच्या फिल्टरमधून इंजेक्टर रेलकडे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीकडे जाते. रेलच्या टोकाला दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर असतो आणि तिथून उरलेले पेट्रोल रिटर्न नळीने टाकीत परत येते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांची रचना अशीच आहे.

तक्रार अशी होती: सकाळी गाडी व्यवस्थित चालते. चाळीस-पन्नास मिनिटे चालली की चढावर पिकअप पडतो, अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन गचके देते आणि शेवटी गाडी बंद पडते. वीस मिनिटे थांबल्यावर लगेच सुरू होते. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खाली असेल तर त्रास ठरलेला, टाकी भरलेली असेल तर क्वचित. शिवाय रोज सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. पंप चौदा महिन्यांपूर्वीच बदललेला होता. तेव्हा लक्षणे हीच होती आणि पंप बदलल्यावर ती गेली होती.

एवढे ऐकल्यावर ‘पंप निकृष्ट निघाला, दुसरा टाका’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण टाकीतला चांगला पंप वर्षानुवर्षे चालतो. तो वर्ष-सव्वा वर्षात थकला असेल, तर त्याला थकवणारे काहीतरी गाडीतच बसलेले आहे. ते न शोधता तिसरा पंप बसवला असता तर त्याचीही तीच गत झाली असती. म्हणून या प्रकरणात खरे काम टाकी उघडण्याच्या आधीच सुरू होते.

टाकी बंद ठेवून घेतलेली मापे

सुरुवात टाकीच्या, म्हणजे पेट्रोल भरण्याच्या तोंडाच्या झाकणापासून केली. झाकणातली हवा आत घेणारी झडप अडकली असेल, तर पेट्रोल कमी होत जाते तशी टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढायला जड जाते. लक्षणे हुबेहूब पंप खराब झाल्यासारखीच दिसतात. तापलेल्या गाडीचे झाकण सैल केले तेव्हा हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही आणि झाकण सैल ठेवूनही त्रास तसाच राहिला. झाकण निर्दोष. या तपासणीला अर्धे मिनिट लागते, त्यामुळे ती कधीच वगळू नये.

त्यानंतर दाब. रेलच्या आधी टी-जोड घालून गेज लावला. या गाडीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (इंजिनाची ओढ रेग्युलेटरपर्यंत पोहोचवणारी) काढल्यावर ३.० बार आणि ती बसवून आयडलिंगला सुमारे २.५ बार दाब हवा. थंड गाडीत नळी काढून ३.० बार मिळाला. इथे थांबले असते तर पंप ठणठणीत ठरला असता. दोष तापल्यावरचा असेल तर माप तापल्यावरच घ्यावे लागते. गेजची नळी लांब घेऊन गेज विंडस्क्रीनच्या बाहेरच्या बाजूला, वायपरखाली घट्ट बांधला आणि गाडी रस्त्यावर काढली. पेट्रोल भरलेली नळी किंवा गेज गाडीच्या आत कधीही आणायचा नाही. पंचेचाळीस मिनिटांनी दाब २.१ बारवर आला आणि चढावर पूर्ण अॅक्सिलरेटरला १.६ पर्यंत घसरला.

दाब कमी म्हणजे पंपच दोषी असे नाही. रेग्युलेटर उघडा अडकला असेल तरी दाब पडतो. दोन्हींतला फरक रिटर्न नळीच्या रबरी भागाला गुळगुळीत तोंडाचा क्लॅम्प लावून कळतो, कारण परतीची वाट बंद केली की पंपाची पूर्ण ताकद गेजवर दिसते. ठीक पंप क्षणात पाच बारच्या पुढे जातो. इथे थंड गाडीत आकडा ३.४ वर अडला आणि तापलेल्या गाडीत २.१ वरून हललाच नाही. म्हणजे रेग्युलेटर आधीच पूर्ण मिटलेला होता, पंपच त्याच्यापुढे दाब उभा करू शकत नव्हता. ही चाचणी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. नळी जुनी, तडकलेली असेल किंवा कडक नायलॉनची असेल तर क्लॅम्प लावूच नये, ती तिथेच फुटते.

रिटर्न नळीतून ३० सेकंदांत किती पेट्रोल परत येते तेही मोजले. थंड गाडीत १८० मिलिलिटर आले, तापलेल्या गाडीत जेमतेम थेंब. अशा इंजिनासाठी साधारण ७०० मिलिलिटर यायला हवे. इंजिन बंद केल्यावर रेलमधला दाब दोन मिनिटांत शून्य झाला. प्रत्यक्षात तो दहा मिनिटांनंतरही दोन बारच्या आसपास टिकायला हवा. पुढच्या बाजूची रबरी नळी क्लॅम्पने दाबून ठेवली तेव्हा दाब टिकला, म्हणजे इंजेक्टर आणि रेग्युलेटर गळत नव्हते. गळती टाकीच्या बाजूला होती आणि सकाळच्या लांब सेल्फचे कारण हेच. तेव्हा संशय पंपातून पेट्रोल बाहेर पडते तिथल्या, ते उलटे येऊ न देणाऱ्या चेक वॉल्व्हवर गेला. तो संशय चुकीचा निघाला, त्याबद्दल पुढे.

फिल्टर गाडीबाहेरून बदलता येतो, म्हणून तो आधी बदलला. पूर्ण अॅक्सिलरेटरवरचा दाब १.६ वरून १.७ झाला. आयडलिंगला काहीच फरक नाही. हे अपेक्षितच होते: नळीतून वाहणारे पेट्रोलच थोडे असते तेव्हा फिल्टरमुळे पडणारा फरकही थोडाच असतो. काढलेला फिल्टर उलटा करून पांढऱ्या भांड्यात ओतला, तेव्हा तळाशी तपकिरी भुकटी बसली. इथून पुढे सगळा तपास या भुकटीच्या दिशेने गेला.

विजेची मापे

जुन्या गाडीत सर्वात जास्त वगळला जाणारा भाग हाच. पंपाच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले की वायरिंग बरोबर, असे समजले जाते. पण कनेक्टर काढून घेतलेले माप निरुपयोगी आहे. करंट वाहत नसताना गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. माप घ्यायचे ते पंप चालू असताना, कनेक्टर जोडलेला ठेवून, वायरच्या मागच्या बाजूने बारीक टोक सरकवून.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट होते आणि पंपाच्या कनेक्टरवर १०.७. वाटेत ३.३ व्होल्ट गळत होते. ते कुठे, हे शोधायला बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून पंपाच्या अर्थ पिनपर्यंत मीटर लावला: १.९ व्होल्ट. हे ०.१ ते ०.२ च्या वर नसावे. उरलेले १.४ व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूला जात होते. त्यातले ०.३ रिलेच्या (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) संपर्कांवर, ०.३ वायर आणि फ्यूजमध्ये आणि ०.८ टाकीवरच्या, पंप धरणाऱ्या प्लेटमधल्या कनेक्टरवर.

पंपाचा करंट क्लॅम्प मीटरने ७.२ अँपिअर आला. अशा पंपाला साधारण ५ अँपिअर पुरतात. हा आकडा नीट वाचता आला पाहिजे. पंपाच्या तोंडाची जाळी तुंबून पेट्रोल कमी मिळत असेल, तर पंप हलका होऊन वेगाने फिरतो आणि करंट कमी होतो. पंपाच्या पुढे अडथळा असेल किंवा पंपच आतून जड झाला असेल, तर करंट वाढतो. इथे पुढचा फिल्टर नवा, दाब कमी आणि तरी करंट जास्त, म्हणजे मोटरच घासत होती. करंटचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर करंटचे चित्र पाहिले तेव्हा तेच दिसले. या मोटरच्या कॉम्युटेटरला (ब्रशकडून वीज घेणाऱ्या फिरत्या भागाला) आठ पट्ट्या असतात, त्यामुळे एका फेऱ्यात आठ उंचवटे दिसतात. आठांतला एक उंचवटा प्रत्येक फेऱ्यात खाली बसलेला होता आणि एका फेऱ्याला १६ मिलिसेकंद लागत होते. म्हणजे मिनिटाला ३,७५० फेरे. ठीक पंप साडेपाच-सहा हजारांच्या आसपास फिरतो. ऑसिलोस्कोप नसेल तरी चालते, दाब आणि करंट मिळून निदान पुरेसे होते. चित्राने फक्त खात्री झाली.

एक प्रश्न अजून उरतो. दोष वायरिंगचाच असेल आणि पंप केवळ उपाशी असेल तर? म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज घातलेली तात्पुरती वायर आणि वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीपासून पंपाला दिली. जोडणी करताना पंपाकडची टोके आधी आणि बॅटरीकडचे शेवटचे टोक सर्वात नंतर, म्हणजे ठिणगी टाकीपासून लांब पडते. तापलेल्या गाडीत दाब २.१ वरून २.६ झाला. सुधारणा दिसली, पण ३.० नाही. दोष दोन्हींकडे होता. पंप बदलावा लागणार होता आणि वायरिंगही. दुरुस्त न केलेल्या वायरिंगवर नवा पंप बसवला असता तर तो पहिल्या दिवसापासून पाऊण ताकदीवर चालला असता.

तापल्यावर आणि पेट्रोल कमी असतानाच त्रास का, हेही आता उलगडते. रिटर्न असलेल्या गाडीत पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेतून फिरून टाकीत परत येते. टाकीत पेट्रोल थोडे असेल तर ते लवकर कोमट होते. पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलच गरम, म्हणून मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांचा रोध वाढतो, दर ४० अंशांना साधारण १६ टक्के. शिवाय जाळी तुंबलेली असेल तर ओढीमुळे गरम पेट्रोलची तिथेच वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी बुडबुडे ढकलत बसतो. वीस मिनिटांत सगळे थोडे निवते आणि गाडी चालू होते. ‘कॉइल गरम झाली’ म्हणून इग्निशनची कॉइल बदलण्याची चूक याच लक्षणावरून होते.

पंप बाहेर काढताना

सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यात, पण त्यातली एकही सोडण्यासारखी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती जमिनीलगत पसरते, म्हणून हे काम पिटवर किंवा बंद खोलीत करायचे नाही. आगविझवणी पावडरची किंवा कार्बन डायऑक्साइडची, हाताशी. उजेडाला बॅटरीवरचा एलईडी दिवा. तारेचा बल्ब नको, फुटला की ठिणगी. हातात नायट्राइलचे मोजे. टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना कामाला घ्यायची आणि पेट्रोल तोंडाने नळी ओढून कधीही काढायचे नाही.

दाब सोडण्यासाठी पंपाचा रिले काढून इंजिन चालू केले. ते आपोआप बंद पडले, त्यावर तीन सेकंद सेल्फ मारला. मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढले. तरी पहिली नळी सोडताना तिच्याभोवती फडके धरायचेच.

मागची सीट उचलल्यावर पत्र्याचे झाकण दिसते. ते उघडले की आत वर्षानुवर्षांची माती असते. आतली प्लेट उघडण्याआधी ती ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने पूर्ण साफ करायची. व्हॅक्यूम क्लीनर याच टप्प्यापर्यंत वापरायचा. नळ्या सोडल्यानंतर त्याची मोटर वाफ पेटवू शकते. नळ्या आणि कनेक्टर काढण्याआधी फोटो घ्यावा आणि प्लेटवरचा बाण टाकीवरच्या कोणत्या खुणेसमोर आहे ते मार्करने लिहावे. प्लेट थोडी जरी फिरलेली बसली तरी फ्लोटचा (पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा) दांडा टाकीच्या भिंतीला अडतो आणि काटा चुकीचे सांगू लागतो.

या गाडीत प्लेट लोखंडी फिरत्या रिंगने धरलेली आहे. ती पितळी दांडक्याने आणि हलक्या हातोडीने, कडेच्या कानांवर थोडे थोडे ठोकत सैल केली. छिन्नी आणि स्क्रू ड्रायव्हर वापरले की कान वाकतात आणि ठिणगीही पडू शकते. रिंग फिरेना झाली तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे, जोर वाढवू नये. जोराने टाकीची कडा वाकली तर पुढे सील कधीच बसत नाही.

प्लेट वर आली की थेट उचलायची नाही. फ्लोटचा दांडा न वाकवता तिरपा करून, प्लेट त्याच्या बाजूला झुकवून बाहेर काढायची. पंपाभोवतीच्या वाडग्यात अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल असते, ते सांडू नये म्हणून खाली पसरट भांडे हवे.

आत काय होते

आधीच्या वेळी पंप बदलताना जाळी जुनीच ठेवली होती. ती तळाशी तपकिरी-काळी पडून कडक झाली होती आणि एका कोपऱ्यात फाटली होती. तुंबलेल्या बाजूने पेट्रोल येत नव्हते आणि फाटलेल्या बाजूने गंज सरळ पंपात जात होता. नवा पंप आणि जुनी जाळी ही जोडी चालत नाही.

दुसरी गोष्ट: पंपापासून प्लेटपर्यंतची आखूड नळी. तिथे साधी इंधनाची रबरी नळी घातलेली होती, तिला पट्टीचे साधे क्लॅम्प. ही नळी आतून पेट्रोल वाहण्यासाठी बनवलेली असते, बाहेरून पेट्रोलमध्ये बुडण्यासाठी नाही. तिचे बाहेरचे आवरण फुगून मऊ झाले होते आणि क्लॅम्पच्या कडेला उभी चीर पडली होती. पेट्रोल तिथून टाकीतच गळत होते, त्यामुळे बाहेर एक थेंबही दिसत नव्हता. इंजिन बंद झाल्यावर दाब पडण्याचे कारण ही चीर होती. चेक वॉल्व्ह वेगळा तपासला तो बरोबर होता. टाकीत बुडून राहणाऱ्या नळीला एसएई जे३०आर१० हे मानक असते आणि ते नळीवर छापलेले असते. छापलेले नसेल तर ती नळी टाकीत जाणार नाही, इतके सरळ ठेवावे. क्लॅम्पही गुंडाळलेल्या कडेचे, इंजेक्शनच्या नळीसाठीचे. भोके पाडलेली पट्टी रबर कापते.

तिसरी: प्लेटमधल्या कनेक्टरचे प्लास्टिक पॉझिटिव्ह पिनभोवती तांबूस होऊन वितळले होते. ०.८ व्होल्ट आणि ७.२ अँपिअर म्हणजे जवळजवळ ६ वॉट उष्णता, तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनवर. ती जळणारच होती.

जुना पंप दोन दिवस उघड्यावर सुकवून पाइप कटरने कापला. ग्राइंडर यासाठी कधीही नाही. इंपेलरच्या (पेट्रोल ढकलणाऱ्या फिरत्या चकतीच्या) कडा झिजलेल्या, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये गंजाचा लगदा, मोटरच्या चुंबकांना चिकटलेले बारीक लोहकण, कॉम्युटेटरवर खोल रेघा आणि एक ब्रश दुसऱ्यापेक्षा निम्मा. कापून पाहण्याला अर्धा तास लागतो आणि त्यातून मिळणारी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

साखळी आता स्पष्ट आहे. टाकीतला गंज फाटक्या जाळीतून पंपात गेला, पंप जड फिरू लागला, करंट पाचवरून सातावर गेला, त्या करंटने आधीच कमजोर कनेक्टर तापला, तापल्याने त्याचा रोध वाढला आणि पंपाला वीज आणखी कमी मिळाली. अर्थचा बोल्ट डिकीच्या बाजूच्या आवरणामागे गंजलेला होता, तो बहुधा पहिल्या पंपाच्या काळापासूनच.

टाकी खाली उतरवणे

वरच्या तोंडातून फडक्याने टाकी पुसण्याचा मार्ग असतो. इथे तो घेतला नाही. टाकीत आडव्या पडद्या असतात, त्यांच्या मागे हात पोहोचत नाही आणि हलवलेला गंज आठवड्याभरात नव्या जाळीवर येऊन बसतो. भुकटी फिल्टरपर्यंत पोहोचली असेल तर टाकी उतरवावी.

टाकी धरणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टना आदल्या दिवशी तेल लावले. टाकीखाली जॅक आणि लाकडी फळी, मग भरण्याच्या नळीचा आणि वाफेच्या नळ्यांचा जोड सोडून टाकी हळूहळू खाली. उरलेले पेट्रोल धातूच्या बंद डब्यात. एक गोष्ट मनावर बिंबायला हवी: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. धुतलेल्या टाकीवरही वेल्डिंगचा विचार करू नये.

टाकी दोन दिवस उघड्या हवेत ठेवली, गरम पाणी आणि डिटर्जंटने तीन वेळा धुतली, मग दहा टक्के सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने काठोकाठ भरून चोवीस तास ठेवली. सायट्रिक ॲसिड गंज काढते, पण पत्र्याला फारसे खात नाही. रिकामी करून खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळली, पुन्हा साध्या पाण्याने आणि लगेच कोरड्या कॉम्प्रेस्ड हवेने सुकवली. हीट गन नाही. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा लालसर होतो, म्हणून सुकताक्षणी लिटरभर पेट्रोल आत फिरवून ते टाकून दिले. आतून लेप देणारी रसायने मिळतात. पत्रा पूर्ण स्वच्छ नसेल तर तो लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि जाळीवर गंजापेक्षा वाईट बसतो. भोक नसलेल्या टाकीला लेप न देणेच बरे.

नवा पंप

पंप निवडताना व्यास, उंची, तोंडाची नळी, दाब आणि प्रवाह मूळ पंपाइतकेच हवेत. ‘मोठा पंप म्हणजे चांगला’ हा समज रिटर्न असलेल्या गाडीत उलटतो. जास्तीचे पेट्रोल रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न नळीतून मावत नाही, आयडलिंगचा दाब वाढतो, मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि टाकी जास्त तापते. पंपासोबत नवी जाळी, जे३०आर१० नळीचा तुकडा, दोन क्लॅम्प, प्लेटचे सील, लॉकिंग रिंग आणि वायरसह नवा कनेक्टर घेतला. काढलेले सील पेट्रोलमुळे फुगलेले असते, खाचेत बसत नाही आणि मोठे दिसते म्हणून ते ‘चुकीचे’ वाटते. ते पुन्हा वापरू नये. सीलला सिलिकॉनचा सीलंट तर लावूच नये. पेट्रोल त्याला फुगवते, सुटे तुकडे जाळीवर जातात.

पंप रबरी बुडावर पूर्ण टेकलेला हवा, नाहीतर त्याची घरघर सीटपर्यंत ऐकू येते. जाळीचा कोन जुन्या जाळीसारखाच, टाकीच्या तळाला हलकी टेकणारी. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले तर मोटर उलटी फिरते, आवाज येतो पण दाब येत नाही. हे फसवे आहे, म्हणून खूण पाहूनच जोडावे. टाकीतल्या वायरचे जोड साध्या टेपने किंवा साध्या हीट-श्रिंक नळीने झाकू नयेत; दोन्ही पेट्रोलमध्ये सुटतात. पंपासोबत आलेली तयार वायर वापरावी. ‘चालतो का पाहू’ म्हणून पंप टेबलावर कोरडा फिरवू नये, त्याचे वंगण पेट्रोलच आहे.

टाकी जागेवर गेल्यावर प्लेट खुणेवर, सील खाचेत सगळीकडे सपाट बसल्याचे बोटाने फिरवून पाहिले आणि रिंग अडेपर्यंत फिरवली. वायरिंगमध्ये अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवे टर्मिनल दाबून बसवले आणि वरून गंजरोधक ग्रीस लावले. रिले बदलला. प्लेटच्या वरच्या बाजूचा जळका कनेक्टर कापून नवा जोडला.

टाकीत वीस लिटर पेट्रोल घातले, मग बॅटरी जोडली. किल्ली तीन-चार वेळा फक्त ऑनपर्यंत, दर वेळी तीन सेकंद. पंप नळ्या भरतो. प्रत्येक वेळी सगळे जोड उजेडात पाहिले. मगच सेल्फ. वरचे पत्र्याचे झाकण लगेच लावले नाही. टाकी पूर्ण भरून एका उतारावर आणि एका चढावर गाडी उभी करून प्लेटभोवती ओल येते का ते पाहिले. सील कच्चे असेल तर ते पाव टाकीला कळत नाही, पूर्ण टाकीला कळते.

पुन्हा तीच मापे

पंचेचाळीस मिनिटे चालवून, तापलेल्या गाडीत: बॅटरीवर १४.० व्होल्ट, पंपावर १३.५. अर्थच्या बाजूला ०.१, पॉझिटिव्ह बाजूला ०.४. करंट ४.९ अँपिअर. व्हॅक्यूम नळी काढून दाब ३.० बार, पूर्ण अॅक्सिलरेटरवरही तोच. रिटर्न दोन सेकंद बंद केल्यावर ५.६. रिटर्नमधून ३० सेकंदांत ७५० मिलिलिटर. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी २.४ बार. ऑसिलोस्कोपवर आठही उंचवटे एकसारखे आणि एका फेऱ्याला साडेदहा मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे ५,७०० फेरे.

चाचणीसाठी लावलेला फिल्टर हजार किलोमीटरनंतर काढून पुन्हा नवा लावला, कारण धुतलेल्या टाकीतूनही सांध्यांतले थोडे कण सुरुवातीला सुटतात. काढलेला फिल्टर पांढऱ्या भांड्यात ओतला: चिमूटही नाही, पाच-सहा तपकिरी ठिपके. पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि तीन आकडे लिहून ठेवले आहेत: १३.५ व्होल्ट, ४.९ अँपिअर, ३.० बार. पुढे कधी सीट उचलायची वेळ आली तर तुलना तिथूनच सुरू करता येईल.